हौदातले दहा व्होल्ट

बैल रुसतो, म्हैस अडून बसते, नवी व्यालेली गाय लाथ मारते. हे सगळं दुर्गाबाईनं पाहून झालं होतं. पण वैशाखाच्या उन्हात भरल्या हौदावरून तोंड फिरवणारी गाय तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

“पे ना वं माय,” ती म्हणाली. “पे. का पायघड्या टाकू तुयासाठी?”

गुंजीनं मान खाली घातली. नाकपुड्या फुलल्या. ओठ पाण्याला टेकले मात्र, तशी चटका बसल्यागत मान वर गेली आणि कासऱ्याच्या हिसक्यानं दुर्गाबाईच्या तळहाताची साल निघाली. मग तिचंही डोकं फिरलं. एका हातानं शिंग धरून दुसऱ्या हातानं तिनं गाईचं तोंड पाण्याकडं दाबलं. गुंजी चारही पायांनी थरथरली आणि शेण टाकून चिखलात घसरत मागं सरली. दुर्गाबाईनं निंबाची छडी उचलून तिच्या पाठीवर दोनदा ओढली. पाठीवर मांस कुठं राहिलं होतं? छडी हाडावरच वाजली.

कुंपणापलीकडं शेजारची जयवंता तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. तिला काय, आयता तमाशा.

“मारू नोको वो दुर्गाबाई, गाभण हाये थे. मुक्या जनावराले घरातलं समजते. कायतरी वंगाळ शिरलं असन तुया घरात.”

“माया घरात काय शिरलं थे मी पाहून घेईन. तू तुया चुलीपाशी जाय.”

बोलायला बोलली, पण शब्द काट्यासारखा रुतून बसला. वंगाळ शिरलं म्हणजे काय शिरलं? या वर्षी घरात नवीन आलं होतं ते दोनच, एक सून आणि एक कूलर. सुनेवर घालावं तर पोरगी कामाची, तोंडाची गोड, अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून आली की पदर खोचून भाकरी थापणारी. आणि कूलरवर आळ घेतलेला कोणी ऐकला आहे का बाप्पा!

उपाय काही कमी केले नव्हते. ढोरांचा डॉक्टर येऊन तोंडात बॅटरी मारून गेला. म्हणाला, जिभेला काही नाही, दाताला काही नाही. शिंगाला लिंबू-मिरची बांधून झाली. गळ्यात काळा दोरा आला. रोज दिवेलागणीला दुर्गाबाई मूठभर मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायची, कारण गाय बिथरायची ती बहुतेक सांजेलाच. सकाळी सगळे वावरात गेल्यावर कधीमधी थोडं पाणी प्यायची. संध्याकाळी मात्र हौदाजवळ नेली की डोळे पांढरे करायची. सांजचं वारं लागलं, दुसरं काय? चुलीजवळची मिठाची बरणी हा हा म्हणता रिकामी व्हायची. त्यात अर्धं मीठ दुर्गाबाई दृष्टीला न्यायची आणि अर्धं तिचा पोरगा कुलदीप न्यायचा, सब्बलीला.

सब्बलीची गोष्ट अशी. होळीच्या सुमारास सोसाट्याचं वावधन सुटलं, आणि खांबावरून घरात येणाऱ्या दोन तारांतली न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार तुटून पडली. लाइनमन आज येतो, उद्या येतो करत राहिला. मग कुलदीपनं तेच केलं जे गावात सगळेच करतात. लोखंडी सब्बल, म्हणजे जाडजूड पहार, ओल्या जमिनीत ठोकली, तिला तार गुंडाळली, घरातली वीज त्या वाटेनं जमिनीत उतरवली. दिवे लागले, पंखे फिरले. आणि वलगावच्या पुढच्या त्या काळ्या जमिनीत, जिथं उन्हाळ्यात भेगांत हात जातो, बारमाही ओल ती कुठं? हौदापाशी. कूलर मंद झाला की कुलदीप सब्बलीच्या बुडाशी मीठ टाकायचा, बादलीभर पाणी ओतायचा. कूलर पुन्हा जोर धरायचा. पोराच्या हुशारीचं दुर्गाबाईला केवढं कौतुक!

आणि आता नवऱ्यानं, सूर्यभाननं, गाय विकायचा शब्द देऊन टाकला होता. उद्या संध्याकाळी नितेश नावाचा ढोरांचा दलाल टेम्पो घेऊन येणार होता. जी गाय पाणीच पीत नाही ती विणार काय आणि वासराला पाजणार काय, असा सूर्यभानचा हिशेब. त्याचं चूक नव्हतं. पण गुंजीची माय ती दोन दिसांची असताना गेली होती, आणि दुर्गाबाईनं तिला मांडीवर घेऊन बोटाला दूध लावून चोखायला शिकवलं होतं. त्या जिभेचा खरखरीतपणा अजून बोटाला आठवत होता. आज त्याच हातानं छडी मारली.

तिनं छडी फेकली, चिखलातून चपला ओढल्या आणि गाईला पुन्हा हळूच पुढं घेतलं. “बरं, चुकलं. आता तं पे.”

गुंजी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं तोंड लावलं, आणि खरंच एक घोट घेतला. दुसरा घेतला. दुर्गाबाईनं श्वास धरला. त्याच वेळी वावरातून आलेल्या सूर्यभाननं घरात कूलरचं बटण दाबलं. खिडकीतून घरघर ऐकू आली, आणि गुंजीनं हंबरून मान अशी फेकली की शिंग दुर्गाबाईच्या खांद्याला घासून गेलं.

फाटकात प्रणालीची स्कूटी नुकतीच थांबली होती. तोंडावरचा स्कार्फ अर्धा सोडून सून तशीच उभी राहिली.

“बाबा!” ती ओरडली. “कूलर आत्ताच लावला का?”

“मंग काय उकडून मरू?” आतून सूर्यभानचा आवाज आला.

“एकदा बंद करा बरं.”

कूलर बंद झाला. पण गुंजी आता हौदाकडं पाहायलाही तयार नव्हती. सूर्यभान धोतराच्या सोग्यानं मान पुसत बाहेर आला.

“झालं समाधान? बंद केला तरी पेत नाई. गाईचा अन् कूलरचा काय संबंध?”

“तिले भेव बसलं आहे, बाबा.” प्रणाली बापामागून बाहेर आलेल्या कुलदीपकडं वळली. “अहो, सब्बल कुठं ठोकली तुम्ही?”

कुलदीपनं हनुवटीनं हौदाकडं दाखवलं. सुनेचा चेहरा उतरला.

“गावात निम्म्या घरी सब्बल ठोकून हाये,” सूर्यभान म्हणाला. “कोणाचं ढोर तहानेनं मेलं? अन् म्या नितेशले शब्द देल्ला. उद्या टेम्पो येते.”

“टेम्पो यायच्या आत मले एक घंटा द्या, बाबा. कॉलेजातून मीटर घेऊन येते. नाई निघालं काही, तं मी काहीच बोलणार नाही.”

“एकच घंटा,” सूर्यभान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई वावरात गेलीच नाही. कूलर बंद, पंखे बंद, घरात कोणी नाही. तिनं गुंजीला सोडलं आणि लांब उभी राहून पाहत राहिली. गाय एकेक पाऊल टाकत हौदाजवळ गेली, ओठाच्या टोकानं पाणी चाखलं, थांबली, पुन्हा चाखलं, आणि प्यायली. भीत भीत, पण प्यायली. दुर्गाबाईच्या अंगावर काटा आला. इतके दिवस हेच ती रोज पाहत होती, आणि सांजचं वारं, सांजचं वारं म्हणत मीठ उधळत होती. मग हौदात नक्की आहे तरी काय? तिनं जाऊन पाण्यात हात घातला. थंड पाणी. दुसरं काही नाही.

प्रणाली दुपारी तीनलाच आली. ऊन असं की शेणाच्या गोवऱ्या हात लावता येत नव्हत्या. तिच्या पिशवीतून जबडा असलेलं एक पिवळं यंत्र निघालं, लाल-काळ्या वायरी निघाल्या. तिनं हौदापासून पार लांब, वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीजवळ एक लोखंडी खुंटी ठोकली, वायर ओढत आणली आणि कुलदीपला सांगितलं, “घरातलं सगळं लावा. कूलर, पंखे, फ्रिज.”

“आई, तुम्ही मागं व्हा. हौदाले हात लावू नका.”

“मी कायले लावतो,” दुर्गाबाई म्हणाली आणि एक पाऊल पुढं सरकली.

तेवढ्यात संध्याकाळी यायचा टेम्पो दुपारीच फाटकाशी थांबला. नितेश उतरला. पायात जाड तळाचे बूट, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं हे सगळं पाहिलं आणि हसला. “काय सूर्यभानभाऊ, गाईचा इसीजी काढून राहिले का?”

सूर्यभानला ते झोंबलं. त्यानं खाटेवर बस म्हणून खूण केली आणि स्वतः उभाच राहिला.

प्रणालीनं वायरीचं एक टोक सब्बलीला, दुसरं लांबच्या खुंटीला लावलं. “बत्तीस व्होल्ट.” मग सब्बलीकडं येणाऱ्या तारेभोवती यंत्राचा जबडा मिटवला. “एक पॉइंट सहा अँपिअर.” तिनं विटेचा तुकडा उचलला आणि हौदाच्या कडेवर लिहिलं.

“बत्तीस भागिले एक पॉइंट सहा. वीस. वीस ओहम.” ती सासूकडं वळली. “आई, वीज घरातून येऊन इथं जमिनीत उतरते. माती तिले सहजासहजी जाऊ देत नाही, अडवते. किती अडवते, तं वीस. त्याले रोध म्हणतात. अन् बत्तीस गुणिले एक पॉइंट सहा, एक्कावन्न वॉट. म्हणजे पन्नासचा एक बल्ब इथं मातीत जळून राहिला, अन् उजेड कोणालेच नाही.”

दुर्गाबाई खाली बसली आणि सब्बलीजवळच्या मातीवर तिनं तळहात ठेवला. माती गरम लागली. पण त्या उन्हात सगळीच माती गरम होती. काही कळेना.

“थे यंतर सांगते अन् तू सांगतं,” ती म्हणाली. “आमी कसं वयखाव, खरं का खोटं?”

प्रणालीनं विटेचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, “बरं. आता मी आधी सांगते, मीटर मागून सांगन. अहो, कूलर बंद करा. बाकी राहू द्या.”

घरघर थांबली. तिनं तारेभोवती जबडा मिटवून आकडा वाचला. “शून्य पॉइंट आठ. करंट निम्मा झाला. माती तीच, वीसच अडवणार. वीस गुणिले शून्य पॉइंट आठ, सोळा. आता सब्बलीवर सोळा व्होल्ट पाहिजेत. बत्तीस नाही, पंधरा नाही, सोळा.” तिनं यंत्र सासूच्या हातात दिलं. “तुम्हीच पाहा.”

वायरीची टोकं लागली. आकडे जरा वेळ डगमगले, अठरा, पंधरा, आणि मग येऊन थांबले. दुर्गाबाईला आकडे वाचता येत होते. एकावर सहा.

“वो माय,” ती म्हणाली.

तिनं ज्योतिषी पाहिले होते, अंगात येणारे पाहिले होते, हातावर नारळ ठेवून पाणी सांगणारे पाहिले होते. ते सांगून जात आणि मग माणसं बसत, खरं होतं की नाही याची वाट पाहत. ही पोरगी विटेच्या तुकड्यानं भागाकार करते, आणि जमिनीच्या पोटातलं, जे आजवर कोणाच्या डोळ्याला दिसलं नाही, ते मुकाट्यानं येऊन तिच्या आकड्याखाली उभं राहतं! आणि गंमत अशी की खुद्द प्रणालीही यंत्राकडं तशीच पाहत होती, डोळे मोठे करून.

“तू तं रोज शिकवतं ना हे?” दुर्गाबाईनं विचारलं.

“चार बॅचेसले शिकवलं, आई. फळ्यावर. गाईच्या हौदावर कधी पाह्यलं नव्हतं.”

कूलर पुन्हा लागला. आता तिनं एक टोक हौदाच्या पाण्यात सोडलं आणि दुसरं, गाय जिथं मागचे पाय ठेवते, त्या चिखलात खुपसलं. “दहा व्होल्ट.” विटेचा तुकडा पुन्हा फिरला. “गाईच्या अंगाचा रोध पाचशे ओहमच्या आसपास धरतात. ओलं नाक, ओले खूर, चार पाय. दहा भागिले पाचशे. वीस मिलिअँपिअर. माणसाले याच्या चौथाईत मुंग्या येतात. प्रत्येक घोटाले तिले झटका बसत होता.”

नितेश खर्रा थुंकून उठला. “काय झटका अन् काय फटका!” त्यानं बाही सारली आणि सरळ पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. “हे घ्या. काही लागत नाई. शास्त्र राहू द्या वहिनी, मले उशीर होऊन राहिला.”

सूर्यभाननं सुनेकडं पाहिलं. त्या पाहण्यात, आता काय, एवढंच होतं. फजितीची पाळी आपल्या घरावर येते की काय, या धास्तीनं त्याचा चेहरा काळवंडला होता.

“तुमच्या पायात बूट आहेत, भाऊ,” प्रणाली म्हणाली. “रबराचा तळ. तुमचा रोध लाखांत जाते. दहा भागिले लाख, काहीच उरत नाही. आमच्या सगळ्यांच्या पायात चपला असतात. गाईच्या पायात काय आहे?”

दुर्गाबाईनं आपल्या पायांकडं पाहिलं. बाजारातल्या निळ्या प्लास्टिकच्या चपला. सकाळीही त्याच होत्या, कालही, आणि गाईचं तोंड दाबलं तेव्हाही.

तिनं चपला काढल्या.

“आई, नाही!” प्रणाली धावली. “असं करायचं नसते, आई, ऐका!”

पण दुर्गाबाईनं आयुष्यात कोणाचं ऐकलं होतं? ती गाईच्या जागी, गाईच्या खुरांच्या चिखलात अनवाणी उभी राहिली, आणि साल निघालेला हात तिनं पाण्यात घातला.

मनगटापासून कोपरापर्यंत काहीतरी थरथरत चढलं. मुंग्या म्हणाव्या तर मुंग्या नव्हत्या. कोणी आतून शिरा चिमटीत धरून ओढाव्या तसं. पोटऱ्या ताठ झाल्या. तिच्या तोंडून हुंकार निघाला आणि हात आपोआप बाहेर फेकला गेला, अगदी गुंजीची मान जायची तसा.

प्रणालीनं तिला खांद्याला धरून मागं ओढलं. दुर्गाबाई चिखलातच बसली. हात छातीशी धरला आणि रडायला लागली. सूर्यभाननं तिला सासूच्या मरणातही असं रडताना पाहिलं नव्हतं.

“लागलं का वं?” तो खाली वाकून विचारू लागला.

“मले लागलं म्हणून नाई रडत,” ती म्हणाली. “म्या इचं तोंड दाबून धरलं हो. दाबून धरलं अन् वरून मारलं. थे सांगत व्हती, रोज सांगत व्हती, अन् म्या मारलं.”

“अन् हे तं दहाच आहेत,” प्रणाली हळू आवाजात म्हणाली. ती स्वतःच हादरली होती. “जमीन वाळत जाईन तशी अडवणूक वाढते, तसे हौदातले व्होल्ट वाढतात. म्हणूनच होळीत पेत होती अन् आता पेत नाही. अन् सब्बल सैल झाली तं घरातले सगळे दोनशे तीस इथं उतरतीन. माणूस जाईन, बाबा.”

सूर्यभान उठला. तो स्वतः ओसरीत गेला, मेन स्विच खाली पाडला आणि कुलदीपला म्हणाला, “काढ थे सब्बल.”

“बाबा, लाइट?”

“अंधारात बसू. काढ.”

कुलदीपनं सब्बल हलवून हलवून उपसली. दोन महिने पोराच्या हुशारीची निशाणी म्हणून उभी होती ती; आता चिखल गळत आडवी पडली. कुलदीपची मान खाली होती.

नितेश हे सगळं पाहत होता. माणूस वाईट नव्हता, पण धंद्याचा होता. “भाऊ, म्या वाशिमच्या गिऱ्हाइकाले शब्द देल्ला. टेम्पो रिकामा नेऊ का? अन् जनावर एकदा बिथरलं का बिथरलं. असं करू. पेली तं तुमची. नाई पेली तं टेम्पोत.”

सूर्यभाननं आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. त्यानं मान डोलावली.

गुंजीला आणलं. ती हौदाच्या अलीकडंच थांबली. कुलदीपनं कासरा ओढला, ती पाय रोवून उभी राहिली. प्रणालीनं पुन्हा मीटर लावून दाखवलं, पाण्यात शून्य, चिखलात शून्य. पण ते शून्य गाईला कोणी वाचून दाखवायचं? तिच्या जिभेला फेस आला होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, आणि तहानलेले डोळे पाण्यावरून हटत नव्हते. तरी पाऊल उचलत नव्हती.

नितेशनं टेम्पोची फळी खाली सोडली.

“ओढू नोको तिले,” दुर्गाबाई कुलदीपला म्हणाली. “कासरा सोड.”

ती उठली. चपला बाजूलाच पडल्या होत्या, त्यांच्याकडं तिनं पाहिलं नाही. अनवाणी पायांनी ती पुन्हा त्याच चिखलात जाऊन उभी राहिली. हात पाण्याजवळ नेताना बोटं आखडली. अंगाला भीती कळते, तिला कुठं आकडे कळतात? डोळे मिटून तिनं दोन्ही हात पाण्यात घातले.

काही नव्हतं. थंडगार पाणी.

“पाह्य गुंजे,” ती म्हणाली. “मले काई होते का? मी हाये ना अथी. मी उभी हाये.”

पाण्यात हात घालून तशीच वाकून उभी राहिली. कंबर दुखायला लागली. कोणी हललं नाही. नितेशही फळीला हात लावून थांबला.

मागं चिखलात खूर उचलल्याचा आवाज झाला. एक. मग पुन्हा एक. गरम श्वास तिच्या कानाजवळ आला. गाईनं आधी तिचा दंड हुंगला, मग मनगट, आणि पाण्यात बुडालेल्या, साल निघालेल्या तळहाताला तिची खरखरीत जीभ लागली. त्या जिभेमागून ओठ पाण्यात उतरले.

घोट गळ्याखाली उतरतानाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. एक, मग एक, मग न थांबता.

नितेशनं टेम्पोची फळी हळूच वर लावली, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

“आई, आता काढा हात,” प्रणाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“राहू दे,” दुर्गाबाई म्हणाली. “पेऊन होऊ दे तिचं.”